काकींची कोळपणी

पेरणी झाली की माझ्या चुलतसासूबाई, म्हणजे आमच्या काकी, माणसांत राहत नसत. त्या कापसात राहत. शरीर घरी येई, भाकरी थापी, कुणी काही विचारलं तर "व्हय, व्हय" म्हणे. पण जीव सगळा करजगीच्या त्या काळ्या रानात, ओळींमध्ये उकिडवा बसलेला. मी नवी सून म्हणून आले तेव्हा आधी घाबरले, मग मलाही ते वेड लागलं. काकींचं माहेर मेंढपाळांचं, त्यामुळे कापसाची रोपं त्यांना कोकरंच वाटत. बी उगवू लागलं की जमिनीला गाल टेकवून त्या ओळीवरून नजर फिरवत. एखादी जागा रिकामी दिसली की "अगं बाई, हितलं कुठं गेलं?" म्हणत माती उकरत आणि तिथं लगेच दुसरं बी टोचत. विरळणीच्या वेळी तर बघायलाच नको. एका जागी दोन रोपं आली की एक उपटावं लागतं. काकी दोघांशीही बोलत, "तू ऱ्हा, तू जा. राग मानू नगंस बाळा," आणि डोळे पुसत पुढच्या जागेकडे पळत. त्या दिवसांत दुसरा विषय सुचतच नसे. नात्यातल्या एका मुलीची सोयरीक ठरत होती. पाहुणे म्हणाले, थोरल्या सुनेच्या जोडीला ही धाकटी छान शोभेल. काकींनी चहाची बशी खाली ठेवली आणि कळकळीनं सांगितलं, "एका जागी दोन ठिवू नगा. दोन्ही खुरटत्यात." पाहुण्यांना समजावताना माझ्या सासऱ्यांना घाम फुटला.

पण काकी खऱ्या पेटल्या त्या एका वर्षी. पाऊस हलायलाच तयार नव्हता, रानात पाय टाकला की रुतायचा. अखेर ऊन पडलं तेव्हा कापूस वीतभर आणि गवत त्याच्या डोक्यावर. ओळींमधलं गवत कोळपून काढायला बैल हवेत, आणि गावात बैलजोड्या मोजक्याच उरलेल्या, कारण निम्मी माणसं पुण्या-हैदराबादला कामाला गेली होती. काकाही हैदराबादला एका बांधकामावर मुकादम होते. जोडीवाला म्हणाला, आठवड्यानं नंबर लागेल. आभाळ तर पुन्हा भरून यायला लागलं होतं. काकी बांधावर येरझाऱ्या घालत होत्या. "गवत नरडं दाबायलंय गं लेकरांचं! आन् ह्यो मला आठवडा सांगायलाय!"

तशाच तणतणत त्या घरी आल्या आणि त्यांची नजर आढ्याकडे गेली. तिथं काकांची सायकल टांगलेली होती, जुन्या धोतरात गुंडाळून. तिला कुणी हात लावायचा नाही, असा घरचा दंडक. सुट्टीवर आले की काका स्वतः तेल लावून तिला पुसत. काकींनी एका बाजाराच्या गावी सायकलच्या चाकाचं, माणसानं रेटायचं हातकोळपं पाहिलं होतं. मी "काकी, नको!" म्हणेपर्यंत सायकल खाली आली होती. लोहाराकडे नेली तर तो बिचकला. "अक्का, मालकाला इचारलं का?" काकी ओरडल्या, "मालक हैदराबादला हाय, गवत हितं हाय!" पुढचं चाक आणि हँडल तेवढं राहिलं, मागं गवत कापणारी लोखंडी पास जोडली गेली, आणि काकी ते धूड डोक्यावर घेऊन रानाकडे धावत सुटल्या. मागं मी, माझ्या मागं निम्मी गल्ली. पहिल्याच ओळीत चाक चिखलानं गच्च झालं आणि काकी तोंडावर पडल्या. उठल्या, काडीनं चिखल खरवडला, पुन्हा रेटलं. मग असं चाललं म्हणता! दोन्ही बाजूंनी गवत उलथंपालथं, मधून कापसाची ओळ जशी अंघोळ करून निघालेली. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मी एक ओळ मागून घेतली, शेजारणीनं एक. पाऊस आला तेव्हा रान कोळपून झालं होतं आणि आम्ही सगळ्या चिखलात बसून वेड्यासारख्या हसत होतो.

नागपंचमीला काका आले. पाणी प्यायले, वर पाहिलं, म्हणाले, "सायकल कुठाय?" काकी चुलीकडे वळल्या. मीच कसंबसं म्हटलं, "रानात आहे." काका तसेच निघाले. आम्ही दोघी मागोमाग. काकींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. काका बांधावर त्या कोळप्यापाशी थांबले. गंजलेल्या चाकावरून हात फिरवला. मग रानाकडे बघत राहिले. पात्यांवर, म्हणजे कळ्यांवर आलेला कापूस वाऱ्यानं डुलत होता, गवताची काडी नव्हती. काकींकडे वळून म्हणाले, "चाकाला तेल घातलं न्हाईस कामून? असं कोण चालवतं?" आणि प्रवासाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी कोळपं हातात घेतलं. काकींना वाचाच फुटली. "हळू! मुळं तुटतील! कडंनं घ्या, कडंनं!" काका ओळीत, काकी त्यांच्या पुढं उलट्या चालत, हातवारे करत. नवराबायकोला इतक्या आनंदात मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुढं त्यांच्या मुलांनी हैदराबादला घर केलं आणि काकीही तिकडंच गेल्या, तिसऱ्या मजल्यावर. रान आता दुसरा कुणी करतो. पेरणीनंतर मी न चुकता फोन करते. गेल्या खेपेला दुपारी केला. त्यांचा डोळा लागला होता, आवाज झोपेतला होता.

"सूनबाई, उगवलं का गं?"

"उगवलं काकी. सगळं उगवलं."

पलीकडं खाटेची कुरकुर ऐकू आली. मग त्या हळूच म्हणाल्या, "मग मला उठवलं न्हाईस कामून?"