शेवटचा माणूस येईपर्यंत

आमच्या क्लबमधल्या कवळीवाल्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा जंगलात काय, स्वतःच्या घरातही वाट चुकेल. नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात धावायचं, ठरलेले झेंडे क्रमाने शोधायचे, प्रत्येक झेंड्यापाशी कार्डाला भोक पाडायचं आणि परत यायचं, एवढाच आमचा खेळ. हा गडी नकाशात डोकं घालून झाडावर आपटायचा आणि वर झाडाचीच माफी मागायचा.

कामासाठी तो परदेशातून आलेला. बिनखिडकीच्या एका खोलीत एकटाच बसून कवळ्या बनवायचा. टेबलावर जबड्यांची रांग, पण बोलायला एक तोंड नाही. बहीण फोनवर विचारायची, "ओळखी झाल्या का रे?" हा ठोकून द्यायचा, "खूप!" आमच्यातही तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. शर्यत संपली की आम्ही नकाशे पसरून कोण कुठे चुकलं यावर कडाकडा भांडतो. तेवढ्यात हा सटकलेला असायचा.

वेळ नोंदवायच्या टेबलावर मी बसते. जन्मभर बस चालवली. शेवटच्या थांब्यावर मागच्या सीटवर कुणी झोपून राहिलं नाही ना, हे बघूनच उतरायचं, ही सवय हाडात मुरलेली. एका रविवारी सगळे परतले, हा आला नाही. उन्हं कलली. तिथल्या ओढ्याचा काठ निसरडा, माझा जीव टांगणीला लागला. निम्मा क्लब हाका मारत पुन्हा जंगलात घुसला. आमच्यातल्या प्लंबरचा बूट चिखलात गेला तो गेलाच.

शेवटी मी त्याच्या खोलीवर जाऊन पाहिलं. दार उघडलं तर महाशय शर्टाला इस्त्री करत होते! झेंडा सापडेना म्हणून रस्ता गाठून, बस पकडून घरी आले होते. जीव भांड्यात पडला आणि लगेच पित्त खवळलं.

"अहो, परत येऊन सांगायचं असतं! हरलात तरी सांगायचं!"

"मला वाटलं, कुणाला कळणार आहे?"

"अख्खा क्लब तिकडे तुम्हाला हाका मारतोय!"

"मला?" एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. इकडे शर्ट जळत होता. मी इस्त्री बंद केली.

तो तसाच माझ्याबरोबर जंगलाकडे आला आणि एका बुटावर उभ्या असलेल्या प्लंबरची माफी मागू लागला. प्लंबर आधी खेकसला, मग त्यानेच ह्याला मिठी मारली. त्या दिवसापासून मी त्याला अरे म्हणायला लागले, तो मला ताई. पुढे नकाशांवरच्या भांडणात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच असायचा, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तो माझ्या शेजारची खुर्ची सोडायचा नाही.

यंदा त्याला आजाराने पार पोखरलं. बहीण सेवेला आली. उन्हाळ्यातल्या शर्यतीला सगळे परतल्यावर प्लंबर त्याला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला. आमच्याकडे हात करून तो बहिणीला म्हणाला, "बघ, ह्या माझ्या ओळखी." मग माझ्यासमोर कार्ड ठेवलं. कोरं, एकही भोक नाही.

"आलो, ताई. आता जमत नाही. पुढच्या वेळी मला शोधत बसू नका."

मी वेळ लिहिली. अक्षर वाकडं आलं.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या शर्यतीला मी कार्डं जुळवली. सगळे परत आले होते. तरी टेबल आवरायला कुणी उठेना.

"बसू थोडं," प्लंबर म्हणाला.