क्राय

भज्यांच्या पुडीचा कागद उलगडला, तर तो इंग्रजी-मराठी कोशाचा निघाला. ‘क्राय’ म्हणजे रडणे, इतपत इंग्रजी मलाही येतं. पण पुढे ओरडणे लिहिलं होतं, आणि फेरीवाल्याची हाळीही. शब्दाचं मूळ म्हणे, आपल्या गावच्या माणसांना मदतीला बोलावणे.

तेलाने पारदर्शक झालेल्या त्या ओळीकडे मी बराच वेळ बघत राहिलो. आपल्याकडे या सगळ्याला निरनिराळे शब्द आहेत. पण ऐकणाऱ्याच्या कानाला फरक कळतो कुठे?

वीस वर्षं मी एकाच गल्लीत भाजी विकली. गिऱ्हाइकांशी दरावरून भांडलो, पण मापात कधी मारलं नाही. अतिक्रमणवाल्यांनी मालासकट हातगाडी उचलली, तेव्हा त्याच गल्लीत घसा फुटेस्तोवर ओरडलो, “अहो वहिनी! अहो काका! या की खाली लवकर!”

चार माणसं खाली आली असती, तर गाडी वाचली असती. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी तेवढी किलकिली झाली.

“आज काही नको हो,” वहिनी आतूनच म्हणाल्या. “उद्या मेथी असली तर बघू.”