दाट पाणी

अकरावीच्या प्रॅक्टिकलला बटाट्याच्या फोडी मिठाच्या दाट पाण्यात टाकायच्या असतात. तासाभरात त्या लिबलिबीत होतात. जिकडे मीठ जास्त तिकडे पाणी आपणहून निघून जातं, त्यासाठी पेशीला काही शक्ती खर्चावी लागत नाही, हे मी कित्येक बॅचना शिकवलंय. त्या दिवशीही तेच शिकवत होते, पण जीव कामतघरच्या आमच्या घरी अडकला होता. तीन वर्षांच्या लेकीला पहाटेपासून जुलाब होत होते आणि तिच्यापाशी फक्त माझे बाबा होते. सुट्टी मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर मी त्यासाठी नीट भांडलेही नव्हते.

दुपारी घरी आले तर पोर बाबांच्या मांडीवर मलूल पडलेली. ओठ सुकलेले, रडत होती पण डोळ्यांत पाणी नाही. सकाळपासून शूसुद्धा नाही. बाबा म्हणाले, ओआरएसच्या पाकिटातली पावडर कालवून दिली, अर्धा पेला प्यायली. मी उरलेलं चाखलं, तर नुसतं मीठ. लिटरभर पाण्याचं अख्खं पाकीट त्या एका पेल्यात होतं.

"असं का केलं, बाबा?"

"कांजी दाट असली म्हंजी सूत तुटत न्हाय. म्हटलं, पोरीलाबी ताकद येल."

बाबांचा जन्म सायझिंगच्या कारखान्यात गेला. लूमवर चढण्याआधी सुताला कांजी पाजायची आणि ती दाट ठेवायची, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. इथे त्या दाट पाण्यानं पोरीच्या अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेतलं होतं. माझी लेक बटाट्याची फोड झाली होती. मी बाबांना नको नको ते बोलले.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आता मापात द्या, चमच्याचमच्यानं. पाचपर्यंत शू झाली नाही तर ॲडमिट करा, गुंगीत गेली तर तेवढंही थांबू नका.

मी लिटर मोजून नवं पाकीट कालवलं. मीठ आणि साखर मापात असली की जोडीनं आतड्याच्या पेशीत शिरतात, पाणी त्यांच्या मागोमाग जातं. आत आलेलं मीठ मात्र पेशीला पलीकडे रक्तात उपसावं लागतं, आणि त्याला शक्ती लागते. एवढ्याशा जिवात ती उरलीय का, या विचारात मी पहिला चमचा तिच्या ओठांना लावला.

"पानी किती ते तू सांगितलंच न्हाय," बाबा हळूच म्हणाले. "पाकीट पान्यात कालवून दे म्हनालीस, आन् फोन ठेवलास."

खरं होतं. घंटा झाली होती, वर्गात पोरं थांबली होती. पाकिटावर माप छापलेलं होतं, पण बारीक इंग्रजीत.

पावणेपाचला बाबा एकदम ताठ बसले. त्यांची लुंगी ओली झाली होती. मी रडतच पोरीला घ्यायला हात पुढे केले, पण त्यांनी दिली नाही. ओल्या लुंगीतच बसून राहिले.

"आता किती चमचं द्यायचं," त्यांनी विचारलं, "तेवढं नीट सांगून ठेव."