टिपाड आणायला गेलो आणि गेम आणला

दुष्काळात माणसानं काय विकत घ्यावं, याची यादी आमच्या गावात लहान पोरांनाही पाठ होती. कडबा, पेंड, दोर, टिपाड. टिपाड म्हणजे झाकणाचं मोठं प्लास्टिकचं पिंप. त्या वर्षी ज्याच्या दारात दोन टिपाडं, तो श्रीमंत. टीव्हीला जोडून खेळायचा गेम या यादीत नव्हता. तो मी घेतला. स्वतःच्या पैशानं, भरदुपारी, पूर्ण शुद्धीत. आज इतक्या वर्षांनी कुणी विचारलं तरी कॉलर ताठ करून सांगतो, घेतला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घेईन.

मी तेव्हा गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव होतो. सचिव म्हटलं की लोकांना खुर्ची, पंखा आणि शिपाई दिसतो. प्रत्यक्षात मी पत्र्याच्या खोलीत बसून दुधाचं माप घ्यायचो, फॅट काढायचो आणि ज्याचं फॅट कमी लागलं त्याच्या शिव्या खायचो. त्या उन्हाळ्यात दुधाबरोबर शिव्याही आटल्या. निम्मी जनावरं चारा छावणीवर, उरलेली हाडांवर. सकाळी नऊच्या आत माझं काम संपायचं.

संपायचं नाही ते मुलींचं. थोरली बारा वर्षांची, धाकटी आठची. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून लोक आधीच घागरी मांडून जायचे. मग घागरी चोरीला जायला लागल्या आणि त्यांच्या जागी चपला आल्या. माणशी एक चप्पल. चप्पल लाईनीत असली की नंबर पक्का, मग माणूस कुठंही का असेना. दुसऱ्याची चप्पल कुणी वीतभर सरकवली तरी डोकी फुटायची वेळ यायची. आमची थोरली या लाईनीची न्यायाधीश होती. कुणाची चप्पल कुठली, अंगठा कुणाचा तुटलेला, कुणी मधे घुसवली, सगळं तिला ठाऊक. कमरेवर हात ठेवून ती मोठमोठ्या बायांशी भांडायची आणि जिंकायची. गाव कौतुक करायचं. मीही करायचो.

एक दिवस लाईनीजवळच्या लिंबाखाली धाकटीनं तिच्यापुढं सागरगोटे टाकले. थोरली म्हणाली, "खेळायचं वय हाय का आता आपलं?"

बारा वर्षांची पोर! मी संस्थेच्या दारात उभा होतो. ऐकलं आणि हातातलं माप हातातच राहिलं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. या पोरीनं एकदा तरी पाणी सोडून दुसऱ्या कशावरून तरी भांडावं.

त्याच आठवड्यात बायकोनं मला बीडला पाठवलं, टिपाड आणायला. आमचं जुनं टिपाड बुडाशी गळत होतं. टिपाडाच्या दुकानाला लागूनच टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आत दोन मिशीवाले बाप्ये टीव्हीसमोर मांडी घालून, हातात रिमोटसारखं काहीतरी धरून एकमेकांवर ओरडत होते. टीव्हीवर दोन गाड्या पळत होत्या. मी टिपाडाची किंमत विचारायची सोडून तिथं किती वेळ उभा राहिलो कुणास ठाऊक.

"हे घरात खेळता येतं का? बायामाणसांना, पोरींना?"

दुकानदार म्हणाला, "काका, हात असले की झालं."

जुनाच संच होता तो. दोन रिमोट, एक गाड्यांची डिस्क, आणि वायरींचा एवढा गुंता की शेरडीनं चघळून टाकलेला वाटावा. टिपाडाचे पैसे त्यात गेले.

तरुणपणी मी गावच्या जत्रेतल्या नाटकात राजाचं काम करायचो. घरी आल्यावर त्याच थाटात अंगणात उभा राहिलो आणि खोकं दोन्ही हातांनी वर धरलं.

बायको माझ्या मागं बघायला लागली. "टिपाड कुठंय?"

"हे बघ काय आणलंय!"

तिनं खोकं चहूबाजूंनी बघितलं. मग शांतपणे विचारलं, "यात किती पाणी मावतं?"

राजाची भाषणं मला पाठ होती, पण या प्रश्नाला त्यातलं एकही लागू पडेना. माझी आई उंबऱ्यातून म्हणाली, "काय हाय रं ते?" धाकटी टाळ्या पिटत नाचायला लागली. आणि थोरली? जिच्यासाठी आणलं ती? तिनं एकदा खोक्याकडं आणि एकदा गळक्या टिपाडाकडं बघितलं.

"पप्पा, परत देऊन या. लोक काय म्हणतील?"

परत दिलं नाही. जुन्या टिपाडाला बुडाशी डांबर फासलं आणि गेम टीव्हीला जोडला. त्या दिवसांत आमच्याकडं लाईट दुपारी यायची. बाहेर माती भाजून निघायची आणि आत आमच्या गाड्या पळायच्या.

पळायच्या म्हणजे, पळायला हव्या होत्या. रस्ता परदेशातला, गुळगुळीत. पहिल्या वळणाला डाव्या हाताला तळं. केवढं तळं! निळंशार, काठोकाठ, वर उन्हाची तिरीप. ते दिसलं आणि आमच्या घरातली शर्यत तिथंच संपली. धाकटी गाडी रस्ता सोडून काठाशी नेऊन उभी करायची आणि नुसती बघत बसायची. टीव्हीवर लाल बाण येऊन बोंबलायचा, उलटी जाताय, उलटी जाताय. आम्ही त्याला विचारत नव्हतो. बायको दोन दिवस तोंड फिरवून बसली. तिसऱ्या दिवशी येऊन बघितलं आणि म्हणाली, "एवढं पाणी असून एक बाई धुणं धुताना दिसत न्हाई. कसली माणसं म्हणावी!"

मी लगेच म्हणालो, "विचारत होतीस ना किती मावतं? बघ."

ती हसली नाही. पण बसली.

आई तर सगळ्यांच्या पुढची. गाडी पाण्यात गेली की बुडायची आणि पुन्हा रस्त्यावर यायची. आई मुद्दाम तिला पाण्यात घालायची. मी ओरडायचो, "माय, मरती की गाडी!"

"मरू दे. भिजून तर मरू दे."

रिमोट दोन आणि माणसं चार, म्हणून धाकटीनं टीव्हीसमोर चपलांची लाईन लावली, हुबेहूब टँकरची. एक डाव झाला की चप्पल मागं. त्या लाईनीत थोरलीची चप्पल नव्हती. ती दारात बसून फडक्यानं पाणी गाळायची. पाठ आमच्याकडं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्या संस्थेचे चेअरमन माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. एका दुपारी ते स्वतः आले, चपला दारात काढल्या आणि उभ्याउभ्याच सुरू झाले.

"परवा तालुक्याचे साहेब टंचाई बघाया येणार हाईत. टँकरची खेप वाढवायची का न्हाई ते ठरणार हाय. आन तुझ्या घरातून गाड्यांचा आवाज! साहेब काय म्हणतील? या गावाला कसला दुष्काळ? दुष्काळी गाव दुष्काळी दिसाया पायजे. ते खोकं पेटीत घाल, पाऊस पडस्तोवर काढू नको."

"आबा, विहीर कोरडी हाय, ती दाखवा की साहेबांना. माझी पोर हसली म्हणून विहिरीला पाणी लागतंय व्हय?"

"लई शाणा झालास. सचिवपद संस्थेचं हाय, तुझ्या बापाचं न्हाई. रविवारच्या मीटिंगला इषय घेतो."

नोकरी गेली असती तर खायचं काय? पण राजाचं काम केलेला माणूस. छाती पुढं काढून म्हणालो, "घ्या."

आबांना आणखी बोलायचं होतं, पण त्यांची नजर टीव्हीकडं गेली होती. आईनं नुकतीच गाडी काठाला लावली होती. आबा खाली वाकले.

"हे धरण कुठलं?"

"परदेशातलं," आई म्हणाली.

"किती टक्के हाय?"

"शंभर."

"गेट दिसंना?" आबा मांडी घालून बसले आणि त्यांनी आईपुढं हात केला. "आणा बरं वहिनी, जरा भिंतीकडून बघू द्या."

आई रिमोट देणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"आबा, चप्पल लावा."

थोरली उठून उभी राहिली होती. हातात ओलं फडकं.

"मला लाईन सांगती व्हय गं?"

"टँकर आधी तुमच्या दारात थांबतो. ती लाईन माझ्या हातात न्हाई. ही हाय."

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच कधी बोललं नव्हतं, मीही नाही. मला वाटलं, आता रविवारची वाट बघायला नको, नोकरी आत्ताच गेली. आबा गुडघ्यावर हात देऊन उठले, दारातून आपली एक चप्पल आणली आणि लाईनीत ठेवायला वाकले. तेवढ्यात थोरलीनं पायातली स्लिपर काढून त्यांच्या आधी सरकवली.

"ही कवा आली?"

"आत्ता."

"मग नंबर माझा! मी आधी चप्पल आणली."

"आणली, पण ठेवली न्हाई. वाकण्यात वेळ घालवला तुमी."

"अगं, म्हातारा माणूस वाकणार किती चटकन?"

"मग सकाळीच यायचं!"

"ये पोरी, मी चेअरमन हाय!"

"तिकडं, दुधाचे!"

आणि भांडण जुंपलं. असलं भांडण की शेजारीण भिंतीवरून डोकावली. आबांच्या मिशा थरथरत होत्या, थोरलीचे हात कमरेवर होते. आणि मी, या घरचा कर्ता पुरुष, कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होतो. पोरगी भांडत होती. पाण्याच्या घागरीवरून नव्हे, खेळायच्या नंबरवरून.

शेवटी आई म्हणाली, "खेळ गं तू." थोरलीनं रिमोट घेतला. आम्हाला वाटलं, हीसुद्धा काठाला थांबणार. ती थांबली नाही. वळण आलं तसा तिनं वेग वाढवला आणि गाडी सरळ तळ्याच्या मधोमध घातली. पाणी टीव्हीच्या काचेभर उडालं. तिनं खांदे वर घेतले, अंगावर आल्यासारखे, आणि खिदळली. गाडी वर आली, तिनं पुन्हा घातली. पुन्हा वर, पुन्हा आत. आबा मागून ओरडत होते, "अगं बास की, किती डुंबशील!"

त्यांचा नंबर यायच्या आत लाईट गेली.

आबा उठले. लाईनीतली चप्पल उचलायला वाकले आणि थांबले. उचलली तर नंबर जाणार, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी ती तिथंच ठेवली, दारातली दुसरी हातात घेतली, माझ्या स्लिपरा पायात घातल्या आणि घरी गेले.

तिसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब आले. त्यांनी विहिरीत वाकून बघितलं, टँकरच्या लाईनीतल्या चपला मोजल्या आणि खेप वाढवून दिली. पण ते नंतर. जीप आमच्या दारासमोर थांबली तेव्हा त्या दिवशी गेलेली लाईट नुकतीच परत आली होती आणि गेम चालू होता. साहेबांच्या पाठीमागून आबा मला डोळे वटारून खुणावत होते, बंद कर, बंद कर. माझा हात वायरीपर्यंत गेला. मी थोरलीकडं बघितलं. जिनं मला हे परत द्यायला सांगितलं होतं, तिच्याकडं.

"कशाला?" ती म्हणाली. "आबांचाच तर नंबर हाय."

मी वायर सोडली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.