नावं घडवणारी चंद्राबाई

उंब्रजला आमच्या शेजारी चंद्राबाई राहायची. लढाईची वर्षं होती. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते आणि मी सांगलीच्या कॉलेजातून शिकून आलेली, गावाच्या दृष्टीनं जरा विचित्रच सून. चंद्राबाई लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन भावाकडे परत आलेली. भाऊ कोंडीबा सरळ माणूस, पण वहिनी साळूबाईची जीभ लवंगी मिरची.

"चार यत्ता शिकली म्हणून भाकरी काय आपोआप फुगती व्हय?" हे तिचं दिवसातून एकदा तरी ठरलेलं.

चंद्राबाईला एकच हवं होतं. स्वतःची चूल. आणि तीसुद्धा दळण-कांडण करून नव्हे, तर तिला जे येत होतं त्याच्यावर. तिला येत होते उखाणे.

तुम्ही म्हणाल, उखाणे कुणाला येत नाहीत? पण हळदीकुंकवाला चाळीस बायकांच्या गराड्यात नवी नवरी उभी राहते, घोळका ओरडतो, "नाव घे, नाव घे," आणि घासून गुळगुळीत झालेलं काही म्हटलं की तीच तोंडं फिदीफिदी हसतात. अशा वेळी नवाकोरा उखाणा ज्या सुनेकडे असेल तिची वर्षभर पत राहते. तो चंद्राबाई करून द्यायची.

अडचण एवढीच की, उखाणा आपणच केला असं प्रत्येकीला दाखवायचं असे. मग चंद्राबाईचं नाव सांगणार कोण? मुली विरजण मागायच्या निमित्तानं वाटी घेऊन यायच्या, वाटीत दही आणि कानात उखाणा घेऊन जायच्या. पदरातून आणलेल्या शेंगा, कधी गुळाचा खडा, मागच्या दारी ठेवायच्या.

"मास्तरीणबाई," ती मला म्हणायची, "माल खपतो, पर दुकान कुणालाच दिसत न्हाई. आसा धंदा वाढायचा कसा?"

मी कॉलेजात शिकलेली, पण पुस्तकात असलं काही शिकवत नाहीत.

संक्रांतीला पाटलीणबाईंकडे हळदीकुंकू होतं. चंद्राबाईला अर्थातच बोलावणं नव्हतं. मी गेले होते. बनाबाई उठली. तिचा नवरा पलटणीत. लाजत, पण आवाज चढवून तिनं म्हटलं,

"टपालवाला वळला गल्लीत, उंबऱ्यात थबकले पाय,
जोतिबारावांचं नाव घेते, पत्र आलं की काय!"

बायका खूश. पाटलीणबाईंनी तिळगूळ दोनदा दिला. तिच्यामागून चौथी उठली सुलाबाई. तिचाही नवरा पलटणीत. आणि तिनं सुरू केलं, "टपालवाला वळला गल्लीत..."

पुढचं ऐकूच आलं नाही.

"आगं, माझा चोरला की हिनं!"

"तुझा? तुझ्या बापाचा हाय का? मी विरजण आणाया गेले तवा..." सुलाबाईनं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

पाटलीणबाई खो खो हसत म्हणाल्या, "विरजण? मग दही एकाच गाडग्यातलं दिसतंय!"

मी घरी जाऊन चंद्राबाईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबले. दोघींचे नवरे सैन्यात, दोघींना पत्राचीच ओढ, म्हणून तिनं एकच उखाणा नाव बदलून दोघींना दिला होता. दोघी एकाच बैठकीत बसतील हे तिच्या मनात कसं येणार? हळदीकुंकवाच्या खोलीत ती कित्येक वर्षांत गेलीच नव्हती.

"संपलं," ती म्हणाली. साळूबाई आतून म्हणाली, "बरं झालं. आता तरी जात्यावर बसंल."

सकाळी दारात पहिली आली बनाबाई, भांडायला. चंद्राबाईनं तिला पाट दिला.

"चुकलं माझं. दुसरा देते. पर आधी सांग, धनी तुझं कशाला भितात?"

"भितात? आवं, पलटणीतला गडी त्यो!" मग बनाबाईला हसू फुटलं. "पालीला भितात. लय."

चंद्राबाईनं तिथल्या तिथं जुळवलं,

"तोफेला न्हाईत भीत, पालीला लय भितात,
जोतिबाराव घरी आले की माझ्याच मागं लपतात!"

बनाबाई हसून हसून पाटावरून घसरली. भांडण तिथंच राहिलं. मागोमाग सुलाबाई आली, तिलाही तिच्या नवऱ्याची एक खोड विचारून नवा मिळाला. आणि त्यांच्या मागं अंगणात बायका उभ्या होत्या, काही तर पार पलीकडच्या आळीतल्या. दुकान कुठं आहे ते आता साऱ्या गावाला कळलं होतं. मी मुद्दाम पाहिलं. एकीच्याही हातात वाटी नव्हती.

त्या दिवसापासून तिचा नेम ठरला: एकीचा उखाणा दुसरीला नाही, आणि माणसाबद्दल विचारल्याशिवाय एक अक्षर नाही. मंगलाष्टकं आली, बारशाची गाणी आली, कऱ्हाडकडची माणसं बैलगाडी जुंपून येऊ लागली.

लढाई संपली त्या सुमारास सुलाबाईची सांगलीची मावशी, राहीबाई, आली. तिचे यजमान नानासो हळदीचे व्यापारी, त्यांना दुकानाची जाहिरात छापायची होती. चंद्राबाईबरोबर मीही सांगलीला गेले. माझं माहेरच ते.

नानासो म्हणाले, "लिहा, आमची हळद उत्तम."

"उत्तम तर समदीच म्हनत्यात," चंद्राबाई म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात राहीबाईकडे गेली. बऱ्याच वेळानं पिवळे हात घेऊन बाहेर आली.

"धुतले हात तरी रंग काही जाईना,
नानासोंच्या हळदीशिवाय सून फोडणी देईना!"

राहीबाई दारातून म्हणाली, "म्हंजी आता साऱ्या सांगलीच्या बायका माझ्या मालकाचं नाव घेणार व्हय?"

नानासो लाजले, पण खूश झाले. मोबदल्याचं विचारलं.

"त्यो द्यालच. पर खाली माझं नाव छापा."

"बाईमाणसाचं नाव? जाहिरातीवर?"

"आवं, आजवर गावातल्या समद्या जणींच्या मालकांची नावं घडवली. आता माझं बी कुणीतरी घ्यावं की!"

राहीबाई म्हणाली, "छापा हो. न्हाईतर रात्री फोडणी देणार न्हाई."

छापलं. पेठेत भिंतीभिंतीवर लागलं: शब्द चंद्राबाईंचे, मुक्काम उंब्रज. महिन्याभरात मुक्काम बदलावा लागला, कारण गूळवाले, भांडीवाले, नाटकवाले सगळे तिला शोधत उंब्रजला जायला लागले. तिनं सांगलीतच नदीकडच्या गल्लीत एक खोली घेतली.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती नव्या चुलीवर चहा ठेवत होती. समोर पाहुणी बसलेली. साळूबाई! भाचीच्या लग्नात तिला नाव घ्यायचं होतं, आणि जुनंच काही म्हटलं तर तिथल्या नव्या सुना हसल्या असत्या.

"दे की गं कायतरी," साळूबाई पदराचं टोक पिळत म्हणाली.

चंद्राबाईनं चुलीत लाकूड सारलं.

"देते की. पर वैनी, आधी सांग, दादा हसतो कवा?"