विगाती बूंचा होकार

जावा बेटावर, सुंबिंग डोंगराच्या उतारावरच्या शाळेत विगाती बू, म्हणजे विगाती बाई, संगणक शिकवायच्या. एका बँकेनं मोडीत काढलेले अठरा संगणक त्यांनी हात जोडून मागून आणले आणि त्यांवर लिनक्स हे संगणक चालवणारं सॉफ्टवेअर चढवलं. फुकट मिळणारं, कुणीही उघडून बघावं, दुसऱ्याला द्यावं असं. बाकीचा सगळा तालुका बाजारातल्या चोरट्या सीडींवर चालायचा आणि वर बूंनाच हसायचा.

मुलांना त्या एक गोष्ट रोज बजावत. "कळलं नसेल तर 'इंगिह' म्हणायचं नाही. संगणकाला भीड कळत नाही." वडीलधाऱ्यांनी काही विचारलं की 'इंगिह', म्हणजे 'हो जी', म्हणायचं, हे जावात आईच्या दुधाबरोबर येतं. कळलेलं असो वा नसो.

आणि गेल्या मंगळवारी खुद्द बूच घसरल्या. पाहुणे बसलेले असताना मुख्याध्यापक पाक सुगेंग, म्हणजे सुगेंग साहेब, यांनी विचारलं, "मुलांच्या फाइली परीक्षकांच्या लॅपटॉपवर नीट उघडतील ना?" तपासायला तसा लॅपटॉप बूंना मिळालाच नव्हता. चारचौघांत साहेबांना 'माहीत नाही' कसं म्हणायचं? त्या म्हणाल्या, "इंगिह, पाक."

आज बत्तीस मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. काम एवढंच, की एका पानात बसणारं कार्यालयीन पत्र. परीक्षक पाक विर्यावान यांनी आपला लॅपटॉप जोडला आणि पहिली फाइल भिंतीवर उघडली. ती वातिनीची होती. पास झाली तर प्लायवुडच्या कारखान्यात कारकुनाची जागा तिच्यासाठी ठरलेली होती.

पत्र भिंतीवर आलं. ओळी फुगलेल्या, तक्ता विस्कटलेला, आणि सही दुसऱ्या पानावर एकटीच.

"दोन पानं. नापास," परीक्षक शांतपणे म्हणाले. दुसरी फाइलही तशीच, तिसरीही. वातिनीनं ओठ दाताखाली धरला.

मुलांनी वापरलेल्या वळणाची अक्षरं, म्हणजे तो फॉन्ट, या लॅपटॉपवर नव्हता, म्हणून त्यानं स्वतःची रुंद अक्षरं भरली होती. एका नजरेत बूंना कळलं, पण आता कळून काय उपयोग!

पाक सुगेंग कानाशी कुजबुजले, "तुम्ही तर इंगिह म्हणाला होतात, बू."

खाली मान घालून बसणं सोपं होतं. बू उठल्या. "म्हणाले होते, पाक. खोटं बोलले. मी तपासलंच नव्हतं. चूक माझी आहे, मुलांची नाही."

एवढं उघड बोलणं तिथं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"नियम नियम असतो, बू. माझ्याच लॅपटॉपवर बघायचं," परीक्षक म्हणाले. फाइल मिटली, आणि भिंतीवर मागचा काळा पडदा उघडा पडला. कोपऱ्यात बारीक अक्षरं होती: ही प्रत अस्सल नाही. म्हणजे परीक्षकांचा लॅपटॉपही चोरट्या सीडीवरच चालत होता. सगळी शाळा एकदम चहाच्या पेल्यांत बघू लागली.

बूंनीही तिकडे पाहिलं नाही. पर्समधून पेन ड्राइव्ह काढत त्या म्हणाल्या, "तुमच्याच लॅपटॉपवर बघा, पाक. फक्त दोन मिनिटं तो यातल्या लिनक्सवरून चालू करा. तुमचं काही पुसलं जाणार नाही. हे मात्र मी शंभरदा तपासलंय."

परीक्षकांनी घाम पुसला. "बरं, करा."

लॅपटॉप बंद झाला. भिंतीवर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. काळोख. पाक सुगेंग यांनी डोळे मिटले. मग निळा पडदा आला. बूंनी वातिनीची फाइल उघडली.

एक पान. सही जागेवर.

वातिनी रडायलाच लागली. परीक्षकांनी बत्तीसही फाइली तपासल्या. तीस पास. दोघांची पत्रं खरोखरच दोन पानांची होती. बूंनी त्यांची बाजू घेतली नाही, तरी मन चुटपुटलंच.

सगळे टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, खायला गेले. परीक्षक मात्र रेंगाळले आणि हळूच म्हणाले, "बू, हे लिनक्स कायमचं चढवलं, तर ऑफिसातली माझी जुनी कामं नीट उघडतील ना?"

माणूस मोठा होता, आणि आज त्यानं बत्तीस मुलांसाठी बूंचं ऐकलं होतं. 'इंगिह' अगदी जिभेवर आलं. बूंनी ते गिळलं.

"माहीत नाही, पाक," त्या म्हणाल्या. "फाइली द्या. तपासून सांगते."