डाव्या हाताचा धडा

काकांनी आम्हा तेरा जणांना फसवलं. भिलाईत, सेक्टर सहाच्या बागेत, दीड वर्ष, रोज सकाळी. सगळ्यात जास्त फसलो मी, कारण सगळ्यात जास्त सराव मी केला.

"घाई कावून करून राहिले भाऊ? वजन आधी पायात जाऊ द्या," हे त्यांचं रोजचं वाक्य. म्हणताना तळहात जमिनीकडे करून हवा हळूच खाली दाबायचे.

भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये त्यांनी आयुष्यभर क्रेन चालवली. रिटायर झाल्यावर ‘ताई ची’ हा संथ चिनी व्यायाम शिकले आणि शिकवू लागले. मी जवळच्याच जामुलला जुन्या मोटारी-पंपांचा धंदा करणारा माणूस. सायकलवर भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली, भांडून-भांडून दुकान उभं केलं. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी मला इथे पाठवलं.

पहिल्याच दिवशी मी सौदा सुरू केला. "काका, किती दिवसांत येईल?"

"वर्षभर."

"सहा महिन्यांत बसवा."

"बसवतो ना. सहा महिने नुसते उभे राहा."

आणि खरंच उभं केलं. गुडघे किंचित सैल, खांदे खाली, दोन्ही हात छातीसमोर गोल, जणू मोठा माठ कवेत धरलाय. डोकं वरच्या हुकाला टांगल्यासारखं सरळ. एक पाय पूर्ण रिकामा झाल्याशिवाय उचलायचा नाही. ताकद सगळी लावायची नाही, थोडी मागे ठेवायची. हात हलवायचे नाहीत, कंबर वळली की ते आपोआप येतात.

मी हात फेकले की ते ओरडायचे, "लेडल सांडली! खाली माणसं आहेत!" वितळलेल्या पोलादाचं ते भलंमोठं भांडं त्यांनी हजारदा उचललं होतं. "झटका दिला का लोड झुलते. ते थांबल्याबिगर पुढे न्यायचं नाही. तुमचा राग बी तसाच, भाऊ." गिऱ्हाईक भांडायला आलं की मी काउंटरमागे वजन डाव्या पायावर घेऊ लागलो. बायको म्हणाली, "आजकाल तुम्ही ओरडायच्या आधी हलून राहिले."

आता फसवणुकीचं सांगतो. हात गोल धरून उभं राहिलं की त्यांच्या डाव्या हाताची बोटं बारीक थरथरायची. पिंपळाचं पान हलतं, तशी. आम्हाला वाटलं, श्वास बोटांपर्यंत पोचतो तेव्हा असं होत असेल. आमच्यातल्या एका टीचरबाईंनी विचारलंच, "भाऊजी, डावी बोटं हलवायची का?"

त्यांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "येत असलं तर करा."

झालं. तेरा जणांची डावी बोटं थरथरू लागली. मी घरी आरशासमोर उभा राहून थरथरवायचो. नवीन माणूस आला की त्यालाही मीच शिकवायचो, "मनगट नाही हो, फक्त बोटं."

एकदा सराव संपल्यावर आम्ही टपरीवर चहा घेत होतो. त्यांच्या हातातली बशी कपाखाली खडखडू लागली. त्यांनी ती पटकन बाकावर ठेवली आणि डावा हात काखेत दाबला. मी बघत राहिलो. मग माझं डोकं फिरलं.

"काका! कधीपासून?"

"दोन वर्षं झाले."

"आणि आम्ही येड्यासारखे हलवून राहिलो! सांगितलं का नाही?"

"तुम्ही सगळे हलवत होते, तर माझा हात दिसत नव्हता," ते म्हणाले. मग हसले. "तुमचा तर माझ्याहून चांगला हलते, भाऊ."

मी त्यांना रायपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथेही सौदाच केला. पूर्ण नाही तर अर्धं थांबवा. अर्धं नाही तर आहे तिथेच राहू द्या. डॉक्टर म्हणाले, "कंपवात आहे. थांबणार नाही. सावकाश वाढेल." आयुष्यात मी ऐकलेला हा पहिला भाव, ज्यात एक पैसा खाली येत नव्हता. काका खुर्चीत सरळ बसून होते. खांदे खाली, डोकं हुकाला टांगलेलं. ते मलाच म्हणाले, "श्वास घ्या."

पुढे काका बागेतच दोनदा पडले. मुलगी आली आणि त्यांना नागपूरला घेऊन गेली. क्वार्टर रिकामं झालं. मी फोन करतो. आवाज इतका बारीक झालाय, की "घाई" एवढंच कळतं, पुढचं मीच पुरं करतो.

बागेत आम्ही अजून जमतो. ते नागपूरला गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी हात गोल धरून उभे राहिलो आणि एकमेकांच्या डाव्या हाताकडे बघू लागलो. हलवायचा की नाही? टीचरबाईंनी आधी हलवला. मग सगळ्यांनी. आता माझा तर थांबवायचा म्हटला तरी थांबत नाही, आणि थांबला की वाटतं, त्यांचा एकट्याचाच उघडा पडला.

हे बरोबर आहे की चूक, मला कुणाकडून ऐकायचं नाही. ज्यानं शिकवलं त्यानंच सांगावं. काका, मी रोज साडेपाचला इथे उभा आहे. या, समोर उभे राहा, आणि या हाताचं काय करायचं त्याचा जबाब द्या.